खंडेनवमीचे पूजन आणि हत्याराचे मोल

आश्विन शुद्ध नवमीला खंडेनवमी हे नाव पडले ते खंड्यावरून. खंडा म्हणजे रुंद पात्याचे सरळ खड्ग. ज्यांच्या घरी तो होता त्यांनी या दिवशी तो म्यानाबाहेर काढून पुजला. ज्यांच्या घरी नव्हता त्यांनी आपापल्या उपजीविकेचे साधन पाटावर मांडले. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरील आमच्या नाते गावी आजही नवमीच्या सकाळी घरोघरी पाट मांडला जातो. त्यावर कोयता असतो, कुऱ्हाड असते, नांगराचा फाळ असतो. सुताराकडे करवत, पटाशी आणि रंधा, गवंड्याकडे थापी आणि ओळंबा, वायरमनकडे पक्कड. आणि स्वयंपाकघरातून विळीही येऊन त्या पंक्तीत बसते. सुतार आणि पाथरवट आपल्या साधनांना अवजार क्वचितच म्हणतात, ते हत्यार म्हणतात. शूराच्या तलवारीला आणि सुताराच्या पटाशीला आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे, हे या दिवशी विशेष जाणवते.

गंध, अक्षता आणि झेंडूचे फूल या सर्वांना सारखेच वाहिले जाते. बाजारात मात्र त्यांच्यात मोठी पंक्तिभेदाची रीत आहे. एकाच मापाच्या, दिसायला एकसारख्या तीन पटाश्या दुकानदार पुढे ठेवतो आणि तीन भाव सांगतो. पहिल्या आणि तिसऱ्या भावांत पाचपट, कधी दहापट अंतर असते. जर्मनीतील किंवा जपानमधील नावाजलेल्या घराण्याचे हत्यार असेल तर ते अंतर याहूनही वाढते. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवे हत्यार घेण्याची रीत अनेक कारागीर कुटुंबांत आहे, म्हणून दरवर्षी या सुमारास तोच प्रश्न कानी येतो: एवढे पैसे मोजावेत काय? कीर्तनाच्या गादीवर उभे राहणाऱ्याने या बाजारी प्रश्नात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या वस्तूची पूजा करावयाची तिचे लक्षण जाणून घेणे हे पूजेचेच अंग आहे, आणि आपल्या पूर्वाचार्यांनी हे लक्षण मोठ्या बारकाईने सांगून ठेवले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात यंत्रांचा आणि शस्त्रांचा स्वतंत्र विचार आहे. यंत्रे एकशे एक, शस्त्रे वीस. हे शस्त्र कोणी घडवावे? उत्तम शुद्ध पोलादाचे, आणि आपल्या कर्मात निष्णात अशा लोहाराकडून घडवून घ्यावे, असा दंडक आहे. पुढे शस्त्राचे आठ दोष सांगितले आहेत. ते वाकडे नसावे, बोथट नसावे, तुटके नसावे, त्याची धार खरखरीत नसावी, ते फार जाड, फार क्षुल्लक, फार लांब किंवा फार आखूड नसावे. यांत एक गोड अपवाद आहे: खरखरीत धार हा दोष करवतीला लागू नाही, कारण हाड कापावयाचे तर दातेच हवेत! धारेचीही मापे आहेत. भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुरेएवढी, खरवडणाऱ्याची अर्ध्या मसुरेएवढी, वेध करणाऱ्याची केसाएवढी आणि छेदन करणाऱ्याची अर्ध्या केसाएवढी. धार लावण्याची शिळा गुळगुळीत आणि उडदाच्या रंगाची असावी, आणि लावलेली धार टिकावी म्हणून शस्त्र सावरीच्या लाकडाच्या फळ्यांत ठेवावे, येथपर्यंत आचार्यांची दृष्टी पोहोचली आहे.

या सर्वांत मला महत्त्वाचे वाटते ते 'पायना'चे प्रकरण. पायन म्हणजे तापलेल्या शस्त्राला पाणी पाजणे. आमचा लोहारही 'पाणी देणे' असेच म्हणतो. सुश्रुताने हे पायन तीन प्रकारचे सांगितले आहे, क्षाराचे, पाण्याचे आणि तेलाचे. हाड किंवा आत रुतलेले शल्य कापावयाचे तर एक, मांस छेदावयाचे तर दुसरे, शिरेचा वेध घ्यावयाचा तर तिसरे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा एक अध्यायच लिहिला असून त्यात केळीच्या क्षारात ताक मिसळून एक दिवस ठेवावे आणि त्याचे पायन द्यावे, म्हणजे ते शस्त्र दगडावर भंगत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही, असे सांगितले आहे. त्या ताकाचा गुण कितपत, हा वाद धातुशास्त्रज्ञांनी घालावा. परंतु हत्याराचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही, तो त्याच्या पोटात पाजलेल्या पाण्यात असतो, हे ज्ञान या ग्रंथांत स्वच्छ आहे. आणि चढ्या किमतीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

ते कसे, हे ज्यांनी भात्यापाशी बसून पाहिले त्यांस सांगणे नको. पोलाद म्हणजे लोखंडात अल्पसा कार्बन. हत्याराच्या पोलादात तो शेकडा अर्ध्यापासून दीडपर्यंत असतो. हे पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात अथवा तेलात बुडविले की ते अतिशय कठीण होते, पण त्याबरोबर काचेसारखे ठिसूळही होते. तसेच वापरले तर पहिल्या घावाला धारेचा कपचा उडेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडे नरमवावे लागते. घासून उजळलेल्या पात्यावर त्या वेळी रंग चढत जातात: आधी भाताच्या पेंढ्यासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पेंढ्याचा रंग सुमारे दोनशे वीस-तीस अंशांवर येतो, निळा तीनशेच्या आसपास. पटाशीला पिवळ्यावर थांबवावे, स्प्रिंगेला निळ्यापर्यंत जाऊ द्यावे. हे थांबणे क्षणाचे असते. जुना लोहार ते डोळ्यांनी ओळखी. मोठ्या कारखान्यात भट्टीचे तापमापक ते ओळखतात. जो कारखाना चांगले पोलाद घेतो, प्रत्येक नगाला ही प्रक्रिया नेमकी देतो आणि चुकलेला नग बाजूला काढतो, त्याचा खर्च वाढतो. स्वस्त मालात हीच कसर केली जाते. वरून चकाकी सारखीच, ठसाही ठळक, त्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असे अक्षर कोरलेले. पोटात मात्र पाणी नाही.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडविले, त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर कोसळला. त्या पुराचे पाणी ओसरल्यावर शहरातील दुकानांतून आणि कारखान्यांतून चिखल उपसण्याचे काम कित्येक दिवस चालले होते. आमच्या पंचक्रोशीतील एका तरुण सुताराचे महाडमधील दुकान त्यात सापडले. विजेवर चालणारी यंत्रे गेली. हातहत्यारांच्या पेटीत गाळ भरला होता. हाती पैसा थोडा, आणि दारे-खिडक्या दुरुस्तीची कामे तर दारात रांग लावून उभी. त्याने घाईने स्वस्तातला एक संच आणला. पहिल्या आठवड्यातच पटाशीची धार गाठीवर मुडपू लागली. सागाला ती कशीबशी चाले, पण ऐनाच्या चौकटीत खाच पाडावयाची तर दर दहा मिनिटांनी निसण्यावर बसावे लागे. दिवसाकाठी तास-दीड तास धार लावण्यात जाई. एका पटाशीची मूठ घावासरशी फुटली आणि पाते हाताला लागले. दोन दिवस काम बंद.

पुढे गाळातून काढलेल्या जुन्या पेटीतील वडिलांची पटाशी त्याने रॉकेलमध्ये बुडवून, विटेच्या भुकटीने घासून उजळली. पात्यावर शेफिल्ड हे नाव अजून वाचता येत होते. चिखलात राहूनही गंज वरवरचाच होता. मूठ नवी बसविली, निसण्यावर फिरविली, आणि त्या पटाशीने ऐनाची अख्खी चौकट एका धारेत काढली. हा तरुण मला नंतर म्हणाला, "बुवा, बाबांनी ही घेतली तेव्हा घरात भांडण झालं होतं म्हणे. आई अजून सांगते." बापाने घेतलेल्या महाग वस्तूचे व्याज मुलाच्या हाती असे पडले. त्या भांडणातील मातेचेही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्या घरी चूल आणि हत्यार यांत निवड करावी लागते तेथील हिशेब बाहेरच्याने करू नये.

हिशेब म्हटल्यावर नाते गावाला आपल्या एका सुपुत्राची आठवण होणारच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली येथेच जन्मले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा आणि मेघदूत मराठीत आणणारा हा पुरुष रुपयाचाही तितकाच मर्मज्ञ होता. त्यांच्या गावी बसून ढिला हिशेब करणे शोभणार नाही, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा, स्वस्त पटाशी दीडशे रुपयांना मिळते आणि चांगली नऊशेला. अंतर साडेसातशेचे. सुताराची दिवसाची मजुरी आठशे धरली आणि दिवस आठ तासांचा धरला, तर तासाचे शंभर रुपये होतात. स्वस्त पटाशी दररोज केवळ अर्धा तास जादा धारेवर बसवीत असेल तर पन्नास रुपये रोज जातात. पंधरा कामाच्या दिवसांत ते अंतर भरून निघते. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे नफ्याची.

मात्र हेच गणित घरच्या यजमानाला लावून पाहावे. जो वर्षातून दोनदा खिळा ठोकतो आणि एकदा कपाटाची बिजागरी कसतो, त्याचा अर्धा तास कोठे वाया जातो? त्याने जर्मन हातोडा घेतला तर तो फडताळातच म्हातारा होणार. तेव्हा हत्यार कोणाच्या हाती आणि किती वेळ, हे आधी ठरावे. मग किमतीची चर्चा. पहार, घण, फावडे, घमेले यांत तर कारागिरानेही मोठ्या नावामागे जाऊ नये. वजन, दांडा आणि हाताला बसणारा तोल हे ठीक असले म्हणजे झाले. आणि कोयत्याच्या बाबतीत माझे मत विचाराल तर आमच्या भागातील जाणता लोहार ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादातून जो कोयता घडवून देतो, त्याची सर शहरातील वेष्टनबंद मालाला येत नाही. कमानपाट्याचे पोलाद मुळातच उत्तम असते आणि लोहार गिऱ्हाइकाच्या हाताचा अदमास घेऊन पाते वळवितो. दुर्दैव असे की अशा लोहाराशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि दुकानातील छापील किमतीपुढे मुकाट्याने मान तुकवितो.

मोठ्या नावाचे पैसे किती आणि गुणाचे किती, हा भेद ओळखणे अवघड आहे. जर्मनीतील क्निपेक्स हे घराणे १८८२ पासून मुख्यत्वे पकडीच घडवीत आले आहे. पकडीच्या कापणाऱ्या धारेला ते वेगळे कठीणपण देतात आणि बाकीचे अंग चिवट ठेवतात. जपानी पटाशीत कठीण पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडाच्या पाठीवर तापवून सांधलेला असतो. हीच युक्ती आपल्याकडील लोहारांनाही जुनी. लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडण्याचे काम ते करीत आले. दख्खनच्या मुशीतील पोलाद एके काळी देशोदेशी जात असे, आणि मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे मर्म शोधण्यासाठी प्रयोग केले होते. आज जालंधर आणि नाशिक येथे हातहत्यारांचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा मधल्या भावाचा माल रोजच्या कामाला पुष्कळदा पुरून उरतो. माझ्या ऐकण्यात आणि पाहण्यात असे आले आहे की अगदी तळाच्या भावावरून मधल्या भावावर गेले की गुणात मोठी उडी पडते. मधल्यावरून शिखरावर गेले की पैसा पुष्कळ लागतो आणि गुण थोडा वाढतो. तो थोडाही ज्याला लागतो, जसे नक्षीकाम करणाऱ्याला, त्याने तो अवश्य विकत घ्यावा.

एका ठिकाणी मात्र काटकसरीला जागा नाही. वायरमनची पक्कड. तिच्या मुठीवरचे रंगीत आवरण हे केवळ हाताला मऊ लागावे म्हणूनही असते आणि विजेपासून वाचविण्यासाठीही असते, आणि ही दोन्ही दिसायला सारखी. खऱ्या विद्युत्‌रोधक हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट हा अंक असतो, आणि प्रमाणानुसार प्रत्येक नगाची दहा हजार व्होल्टपर्यंत चाचणी व्हावी लागते. पावसाळ्यात, ओल्या खांबाशी, घरातील कर्ता मुलगा उघड्या हाताने काम करीत असेल, तर त्याच्या मातेने खंडेनवमीच्या पाटावरील पक्कड उचलून ती खूण आहे की नाही हे पाहावे, अशी माझी सर्व गृहिणींना हात जोडून विनंती आहे.

महाग साधनाचे भय आपल्या समाजाला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लाकडी नांगर गावातला सुतार करून देई. त्याचा मोबदला बलुत्यात. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे. पुढे तोच नांगर महाराष्ट्राच्या काळ्या मातीत हरळी उपटण्यासाठी घरोघरी गेला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शस्त्राचे अवजार झाल्याचे याहून चांगले उदाहरण खंडेनवमीला दुसरे कोणते सापडणार!

किमतीचा विचार करताना आणखी एका गोष्टीचे भान हवे. सुश्रुताने एकशे एक यंत्रे सांगितली खरी, परंतु त्या सर्वांत हात हेच प्रधान यंत्र, असा निर्वाळा त्यानेच दिला आहे. महाभारतातील मौसलपर्व आपण कीर्तनातून ऐकता. गांडीवाहून श्रेष्ठ धनुष्य त्रिभुवनात नव्हते. श्रीकृष्णांच्या निजधामगमनानंतर यादवस्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीरांनी काठ्या घेऊन झडप घातली, तेव्हा तेच धनुष्य सज्ज करताना अर्जुनाला कष्ट पडले, अस्त्रे आठवेनात, अक्षय म्हटलेले बाणही सरले. काठ्यांपुढे गांडीव हरले. हा प्रसंग रंगवून सांगताना मला नेहमी त्या नवशिक्याची आठवण होते, जो उत्तमातील उत्तम रंधा आणतो आणि पाते उलटे बसवितो. उलट, सराईत कारागीर मध्यम हत्यारातूनही काम काढतो, पण तो ते सहन करून काढतो. त्याचा हात जितका तयार तितकी वाईट हत्याराची टोचणी त्याला अधिक. आमच्या क्षेत्रात पाहा: नवशिक्या टाळकऱ्याला पितळी टाळ आणि काशाचा टाळ यांतला फरक कळत नाही, ज्याला सूर कळला त्याला पितळी टाळ हाती धरवत नाही.

आता पैशाची सोय. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, चर्मकार, न्हावी, शिंपी अशा अठरा हस्तव्यवसायांचा समावेश असून हातोडा आणि हत्यारसंच घडविणाऱ्यांचाही त्यांत अंतर्भाव आहे. हत्यारसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि शेकडा पाच व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप जाहीर झाले. अशी रक्कम हाती येते तेव्हा मोह होतो तो नगांच्या संख्येचा. चाळीस नगांची चकचकीत पेटी डोळ्यांत भरते. त्या पेटीतील किती नग रोज हाती येतात हे मोजावे आणि जे चार-पाच येतात तेवढ्यांवरच पैसा घालावा. वर सांगितलेल्या तरुण सुताराने हेच केले. दर दसऱ्याला एक हत्यार, पण चांगले, असा नेम त्याने धरला आहे. यंदा रंध्याच्या पात्याची पाळी आहे.

घेतलेले उत्तम हत्यार राखणे हेही सोपे नाही. विजेच्या सहाणेवर घाईने धार लावली आणि पात्याचे टोक निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. नऊशेची पटाशी त्या क्षणी दीडशेची झाली. धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे, बोटाला चटका बसेल इतके तापू देऊ नये. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शमीवृक्षावर शस्त्रे ठेवली तेव्हा नकुलाने जेथे पावसाची झड पोहोचणार नाही अशीच जागा शोधून ती बांधली, असे विराटपर्वात आहे. आमच्या कोकणपट्टीत तर चार महिने हवाच भिजलेली असते.

म्हणून एक शेवटची सूचना पूजेविषयीच. नवमीला हत्यारांवर पाणी शिंपडले जाते, ओले गंध आणि हळदकुंकू वाहिले जाते, वर ओला झेंडू ठेवला जातो, आणि पुष्कळ घरांत हे सर्व दशमीपर्यंत तसेच राहते. फुलाखाली पोलादावर गंजाचा डाग धरतो आणि तो पात्यात खोल उतरतो. पूजेपूर्वी पात्याला तेलाचे बोट फिरवावे, गंध मुठीला लावावे, फूल कोरडे करून वाहावे. आणि दशमीला सोने लुटून घरी परतल्यावर, निजण्यापूर्वी, पाटावरील प्रत्येक हत्यार कोरड्या फडक्याने पुसून, खोबरेल लावून जागच्या जागी ठेवावे. लाकडी मुठींना जवसाचे तेल चालेल. पात्याला नको, ते वाळून चिकटते.